कोणाला उठवायचं?

जागा ही वस्तू बेतताना परमेश्वराला कापड थोडं कमी पडलं असावं. एसटीत ती पुरत नाही, पंगतीत पुरत नाही, शाळेच्या प्रवेशात पुरत नाही आणि आमच्या कपाटात तर हिच्या साड्यांमुळे आजवर कधीच पुरलेली नाही. (हिचं म्हणणं, माझ्या जुन्या मासिकांमुळे. ते असो.) आणि जागा कमी पडली, की जगात सगळीकडे तोच एक प्रश्न उभा राहतो : आता कोणाला उठवायचं? थोर तत्त्वज्ञ मंडळी ‘मी कोण?’ या प्रश्नाने हैराण झाली, असं ऐकतो. सामान्य माणसाला त्यापेक्षा ‘मीच का?’ हा प्रश्न अधिक छळतो, आणि तो नेमका उठवलं जात असतानाच सुचतो.

हा प्रश्न माणसांपुरता असता तर एक वेळ ठीक होतं. पण तो यंत्रांनाही पडतो, आणि यंत्रं तो माणसांपेक्षा फार सरळ सोडवतात. इतक्या सरळ, की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा.

माझी भाची संगणकाच्या धंद्यात आहे. शिकायला म्हणून आमच्याकडे आली, नोकरी लागली तरी राहिली, आणि २०२० साली तर तिची कंपनीच आमच्या आतल्या खोलीत राहायला आली ती अजून गेलेली नाही. सर्व्हर सांभाळणं हे तिचं काम. त्यामुळे आमच्याकडे रात्री तीन वाजता फोन वाजतो. आमच्या पिढीत रात्री तीनला फोन म्हणजे कुणीतरी गेलंच. ही पहिल्या रात्री पदर डोळ्यांपाशी नेऊनच उठली.

“कोण गेलं गं?”

“डेटाबेस गेला, मामी.”

“अरेरे! काही होत होतं का त्याला?”

“मेमरी संपली.”

“वयच झालं असेल,” असं म्हणून ही पुन्हा झोपली.

मला मात्र झोप येईना. तेव्हा भाचीने मला जे समजावून सांगितलं, ते इथे माझ्या भाषेत सांगतो. सर्व्हर म्हणजे खानावळीतला आचारी. आपण बाहेर बसून हुकूम सोडायचे, त्याने आत रांधायचं. आपल्याला तो दिसत नाही. त्याला आपण माणूस म्हणून दिसत नाही, नुसती ताटं दिसतात. आता या आचाऱ्याची मेमरी म्हणजे आठवण नव्हे. मेमरी म्हणजे ओटा. माळ्यावर पोती भरून धान्य असेल – त्याला डिस्क म्हणतात – पण रांधायचं तर ते ओट्यावर आणावं लागतं. ओटा भरला की नवी कढई ठेवायला जागा नाही. मग आचारी कढया माळ्यावर चढवायला आणि उतरवायला लागतो. याला स्वॅप म्हणतात. हे फार वाढलं, की सगळा वेळ चढउतारीत जातो आणि स्वैपाक होतच नाही. बाहेर गिऱ्हाईक ओरडतं, आत आचारी घामाघूम. आपल्या बऱ्याच कचेऱ्या ज्या रीतीने चालतात, तीच ही रीत.

“पण ओटा भरलेला दिसला म्हणून लगेच दचकायचं नसतं मामा,” भाची म्हणाली. जगातले पुष्कळसे सर्व्हर लिनक्स नावाच्या व्यवस्थेवर चालतात. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ती सुरू केली. या लिनक्सचा स्वभाव असा, की रिकामी जागा त्याला बघवत नाही. एकदा माळ्यावरून उतरवलेला डबा तो ओट्यावरच राहू देतो. न जाणो, पुन्हा लागला तर! आणि दुसऱ्या कुणाला जागा हवी झाली, की डबा मुकाट्याने बाजूला करतो. त्यामुळे ‘मोकळी मेमरी’ या रकान्यातला आकडा पाहिला तर लिनक्स सदैव भिकेला लागलेला दिसतो. नवशिका माणूस तो पाहून घाबरतो. जाणता माणूस शेजारचा ‘मिळू शकेल अशी मेमरी’ हा आकडा बघतो. हा आकडा २०१४ पासून लिनक्स स्वतःच हिशेब करून देतं. मला हे फार आवडलं. नुसतं पासबुक पाहिलं तर मीही दर महिन्याच्या वीस तारखेपासून बुडालेलाच असतो. पण मेव्हण्याकडून मिळू शकेल अशी रक्कम धरली, तर परिस्थिती इतकी वाईट नसते.

असो. भाचीच्या सर्व्हरवर मात्र तोही आकडा रात्र चढेल तसा खाली येत होता. सोळा जीबीचा ओटा. सकाळी निम्म्याजवळ मोकळा, आणि पहाटे तीनला चमचा ठेवायला जागा नाही.

इथे लिनक्सची आणखी एक खोड सांगायला हवी. मेमरी मागायला आलेल्याला ते शक्यतो ‘नाही’ म्हणत नाही. हातात आहे त्याहून जास्त जागा कबूल करून बसतं. लग्नाला आमंत्रणं पाचशे आणि पानं तीनशे, तसाच हा हिशेब. सगळे थोडेच येणार आहेत! बहुतेक वेळा येत नाहीतही. मागितलेल्यातली बरीच मेमरी कुणी वापरत नाही. पण एखाद्या मुहूर्ताला खरोखरच सगळे येतात. मग यजमानाला पंगतीतून कुणाला तरी उठवण्याखेरीज गत्यंतर राहत नाही. मन मोठं आणि ओटा लहान, अशा भल्या माणसांच्या घरी हे नेहमी घडतं.

हे उठवण्याचं काम लिनक्सच्या गाभ्याकडे असतं. त्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मिशा नसल्या तरी कारभार लष्करीच. या कर्नलच्या पदरी एक यमदूत आहे. त्याचं नाव आउट ऑफ मेमरी किलर. मेमरी पार संपली, की हा उठतो, चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमना गुण देतो, ज्याला सर्वांत जास्त गुण त्याला ठार करतो. परीक्षेत पहिला आल्याबद्दल प्राण गमावावे लागतात अशी ही जगातली एकमेव परीक्षा असेल. एरवी प्रोग्रॅम बंद करायचा तर आधी पंधरा नंबरचा इशारा पाठवण्याची सभ्य पद्धत आहे : ‘आवरा आता, निघायचंय.’ त्याला चार गोष्टी जागच्या जागी ठेवायला वेळ मिळतो. यमदूत मात्र थेट नऊ नंबरचा इशारा पाठवतो. त्यावर बोलायची सोय नाही. हातातला घास हातात.

आता हे गुण द्यायचे कसे? इथे सगळं नीतिशास्त्र येऊन उभं राहतं. २०१० सालापर्यंत या यमदूताचा हिशेब अगदी आपल्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या नियमावलीसारखा होता. मुख्य मुद्दा, मेमरी किती अडवली. त्यात पोरं – म्हणजे त्या प्रोग्रॅमने जन्माला घातलेले प्रोग्रॅम – जास्त असतील, तर त्यांच्या वाट्याचाही काही भार बापावर. पुष्कळ काळ चालत आलेला असेल, तर वयाचा मान राखून गुण कमी. मुळातच कमी महत्त्वाचा म्हणून मागे ठेवलेला असेल, तर गुण दुप्पट. गरिबाला कोण विचारतो? आणि सरकारी माणूस, म्हणजे ज्याला रूट म्हणतात तो असेल, तर एकदम चौथा हिस्सा. २०१० मध्ये हा सगळा पाल्हाळ काढून टाकला. आता प्रश्न एकच : एकूण ओट्यापैकी तुझ्याकडे किती? सरकारी माणसाला तीन टक्क्यांची लाजेकाजेस्तव सवलत राहिली होती, तीही २०१८ मध्ये गेली. मात्र वशिल्याचा एक आकडा ठेवला आहे. तो उणे हजारापासून अधिक हजारापर्यंत असतो. ज्याच्या नावापुढे उणे हजार, त्याला यमदूत हात लावत नाही. एवढ्या स्वच्छ शब्दांत आणि थेट आकड्यात वशिला लिहून ठेवणारी दुसरी व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे तो असतो, पण दिसत नाही.

नियम किती का सोपा करा, घोटाळे व्हायचे ते होतातच. २००४ साली एका गृहस्थाच्या संगणकावर मेमरी संपली आणि यमदूताने नेमका पडद्याला कुलूप लावणारा प्रोग्रॅमच मारला. म्हणजे घरात गर्दी झाली म्हणून वॉचमनला उठवून लावलं आणि दार सताड उघडं!

भाचीच्या सर्व्हरवर रोज पहाटे डेटाबेस मरत होता. डेटाबेसकडे सहा जीबी होते आणि एवढे दुसऱ्या कुणाकडे नव्हते. सकाळी नोंदवही उघडावी तर पंचनामा तयार. मयत : डेटाबेस. मयताच्या ताब्यात : सहा जीबी. कारण : मेमरी संपली. साहेबांनी हा पंचनामा वाचला आणि निकाल देऊन टाकला. “सहा जीबी! हाच खातोय सगळं.” मयताचंच नाव आरोपी म्हणून लागलं. (कंपनीचं नाव सांगत नाही. भाचीची नोकरी मला प्रिय आहे.)

डेटाबेसला स्वतःची बाजू मांडता येत नाही. पण तो सांभाळणारा एक माणूस होता. वय बावन्न. बाकीची मंडळी तिशीच्या आतबाहेरची, म्हणून सगळे त्यांना डेटाबेसवाले काका म्हणायचे. रोजच्या बैठकीत साहेब विचारायचे, “काका, तुमच्या डेटाबेसचं काय करायचं?” काका सांगायचे, की त्याला सहा जीबी आपणच नेमून दिलेत, तो सातवा मागत नाही. साहेब म्हणायचे, “ते खरं हो, पण मरतो तोच ना?” यावर काय बोलणार? दीड महिना हे चाललं. त्या वर्षीच्या कामगिरीच्या शेऱ्यात काकांच्या नावापुढे ‘मेमरीवर नियंत्रण नाही’ असं लिहून तयार झालं. वाचणाऱ्याला वाटावं, गृहस्थ औषध घ्यायचं विसरतात.

दरम्यान उपाय काय, तर पहाटे उठून सगळं बंद करून पुन्हा चालू करणं. याने सकाळी सगळं हसतखेळत चालतं. हा उपाय जगन्मान्य आहे. आमचा टीव्ही, मिक्सर आणि शेजारचे दाते यांच्यावर मीही तो वापरतो. पण त्याने रोग जात नाही, फक्त दुसऱ्या दिवसावर जातो. जानेवारी २००४ मध्ये स्पिरिट नावाची गाडी मंगळावर उतरली आणि तिसऱ्या आठवड्यातच मुकी झाली. तिच्या साठवणीत, वाटेतल्या प्रवासापासूनच्या, इतक्या फायली जमल्या होत्या की त्यांची नुसती यादी ओट्यावर मांडायलाच जागा पुरेना. जागा नाही म्हणून बंद पडायची, पुन्हा सुरू व्हायची, सुरू होताच आधी तीच यादी मांडायला घ्यायची, पुन्हा बंद. साठाहून अधिक वेळा! रात्री झोपणंही थांबलं आणि बॅटरी उतरत चालली. पृथ्वीवरच्या इंजिनियरांनी मग तिला ती यादी न उघडताच उठायला सांगितलं आणि जुन्या फायली काढून टाकल्या. नव्वद दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी पुढे मार्च २०१० पर्यंत बोलत राहिली. साठ वेळा उठबस करून जे झालं नाही, ते अडगळ काढल्याने झालं.

आता कुणी म्हणेल, ऐन वेळी चौकशी करत कोण बसणार? कुणाला तरी उठवावंच लागतं. कबूल. पण त्यालाही रीत आहे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो अकराचं यान चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकाने १२०२ नंबरची धोक्याची सूचना दिली. अर्थ हाच, की नवं काम ठेवायला जागा नाही. त्याची खोडता-लिहिता येणारी मेमरी होती अवघी २०४८ शब्दांची. तेवढ्यात माझा एक मराठी लेखही धड मावत नाही. एका रडारची नको ती लुडबुड त्याचा वेळ खात होती, कामं संपत नव्हती आणि नवी येऊन पडत होती. संगणकाने काय केलं? क्षणात स्वतःला पुन्हा सुरू केलं, यान उतरवण्याचं काम धरून ठेवलं आणि बिनमहत्त्वाची कामं सोडून दिली. यान उतरलं. कोणतं काम महत्त्वाचं, याचा विचार माणसांनी जमिनीवर बसून, डोकं शांत असताना आधीच करून ठेवला होता. तसा विचार केलेला नसेल, तर ऐन वेळी हातात फक्त बेरीज-वजाबाकी उरते. आणि वजाबाकी आधी सर्वांत मोठ्या आकड्याकडे बघते.

म्हणजे उठवण्याच्या रीती मला तीन दिसतात. पहिली, सर्वांत मोठ्याला उठवा. ही यमदूताची. दुसरी, सर्वांत शेवटी आलेल्याला उठवा. ही लोकलच्या डब्यातली. यमदूताच्या पंचनाम्यात शेवटचा घास कुणी मागितला त्याचंही नाव असतं. भाचीच्या इथे एकदा ते एका चिमुकल्या प्रोग्रॅमचं निघालं. दर पाच मिनिटांनी सर्व्हरची प्रकृती विचारून जायचं, एवढंच त्याचं काम. त्याने चमचाभर मेमरी मागायला आणि ओटा संपायला एकच गाठ पडली. तर एक उत्साही गृहस्थ म्हणाले, “हाच तो, काढा याला!” भेटायला आलेल्याच्या हातून कप फुटला, म्हणून घर गहाण पडल्याचं खापर त्याच्यावर.

तिसरी रीत, जो घेतलेलं परत देत नाही त्याला शोधा. ही न्यायाची रीत, आणि म्हणूनच कुणाला परवडत नाही. तिला वेळ लागतो. मोठा कोण हे एका नजरेत दिसतं, शेवटचा कोण हे नोंदवहीत मिळतं. पण परत कोण देत नाही हे कळायला रात्रभर जागून बघत बसावं लागतं.

भाची तीन रात्री बसली. दर तासाला प्रत्येक प्रोग्रॅमचा आकडा कागदावर. “मामा, आकडा केवढा हे बघायचं नाही. आकडा चाललाय कुठे ते बघायचं,” ती म्हणाली. हे वाक्य मी भिंतीवर लावण्याच्या विचारात आहे. डेटाबेस संध्याकाळी सहा जीबी, मध्यरात्री सहा, पहाटे सहा. योगी पुरुष! आणि कोपऱ्यात चार भाऊ होते. येणाऱ्या गिऱ्हाइकांची उठबस करणारा एकच प्रोग्रॅम, चार प्रतींत. सकाळी प्रत्येकी दोनशे एमबी. तासाला शंभर एमबी या बेताने चढत चढत पहाटे प्रत्येकी दोन जीबीच्या पुढे. चौघे मिळून डेटाबेसहून मोठे, पण एकेकटे पाहिले तर अगदी गरीब. यमदूत एकेकटेच बघतो. एकत्र कुटुंब त्याच्या हिशेबात नाही.

भाचीने मग त्यातल्या एकाच्या पोटाचं चित्र काढलं. तशी सोय असते. पोटात निघाली लाखो गिऱ्हाइकांची माहिती. पुन्हा आले तर चटकन ओळखता यावेत, म्हणून प्रत्येकाचं नाव एका यादीत लिहायचं, असं कुणीतरी प्रेमाने ठरवलं होतं. नाव काढायचं कधी, हे मात्र ठरवलं नव्हतं. अशा प्रोग्रॅमच्या घरी एक घंटागाडी असते; ती टाकाऊ वस्तू आपण होऊन घेऊन जाते. जॉन मॅकार्थी यांनी १९६० सालीच लिस्प भाषेसाठी ही कल्पना मांडली. पण या घंटागाडीचा एक कडक नियम आहे : ज्या वस्तूचं नाव घरात कुणी ना कुणी धरून आहे, तिला हात लावायचा नाही. यादीने सगळ्यांची नावं धरून ठेवली होती. गाडी रोज यायची, घंटा वाजवायची, रिकामी जायची.

हे ऐकताना मला एसटीतला रुमाल आठवला. खिडकीतून आत टाकलेला रुमाल आपण किती मानतो! माणूस उभ्याने प्रवास करतो, पण रुमालावर बसत नाही. त्या रुमालाला मालक आहे, एवढ्यावर आपला विश्वास असतो. इथे लाखभर रुमाल पसरले होते. त्यांचे मालक कधीच निघून गेले होते. ज्या मुलाने ती यादी लिहिली तोही नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी गेला होता. आणि या रुमालांना जागा व्हावी म्हणून रोज पहाटे उठवलं जात होतं कोणाला? तर तिकीट काढून, आपल्या नेमल्या जागेवर, अंग चोरून बसलेल्याला.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. यादीला मर्यादा घातली, आणि अर्धा तास न फिरकलेल्याचं नाव पुसायचं ठरवलं. त्या रात्री तीन वाजता फोन वाजला नाही. ही मात्र सवयीने उठली आणि ‘आज कोणी गेलं नाही वाटतं’ असं म्हणून पाणी पिऊन झोपली.

खरी गंमत पुढेच आहे. भाचीने अहवाल लिहिला आणि त्यात एक वाक्य घातलं : ‘या प्रकारात डेटाबेसचा काहीही दोष नव्हता.’ साहेब म्हणाले, “अगं, झालं ना नीट? आता हे वाक्य कशाला? मागचं उगाळण्यात काय अर्थ आहे?” साहेब वाईट नव्हते. सर्व्हर चालू झाला, की सगळं मिटलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. भाचीने वाक्य काढलं नाही. नुसतं काढलं नाही एवढंच नव्हे, तर काकांच्या शेऱ्याला हा अहवाल जोडावा, अशी विनंती लेखी केली. चार दिवस घरात जेवताना ती गप्प होती. पाचव्या दिवशी शेरा बदलला. काकांची माफी कुणी मागितली नाही; तेवढी जागा बहुधा कुठल्याच ओट्यावर नसते. पण त्या शनिवारी काका आमच्याकडे येऊन चितळ्यांची बाकरवडी देऊन गेले आणि दारातूनच म्हणाले, “मुलीने बघितलं हो. बाकी कुणी बघितलंच नव्हतं.”

मला तेव्हापासून वाटू लागलंय, की दोष शोधायचा तो दोषी माणसाला पकडायला नव्हे. या प्रकरणात दोषी कोण? एक यादी. तिला काय फासावर देणार? आणि ती लिहिणारा मुलगाही दुष्ट नव्हता, आतिथ्यशील होता. दोष शोधायचा तो निर्दोषाचं नाव मोकळं व्हावं म्हणून. यंत्राला ते कळण्याचं कारण नाही. ओटा रिकामा झाला की त्याचं काम संपलं. माणसाचं काम तिथे संपत नाही, एवढाच काय तो यमदूतात आणि आपल्यात फरक. तोही आपण रोज राखतो अशातला भाग नाही. घरात पैसा पुरेना की आधी नजर जाते ती आजोबांच्या औषधांवर, कारण तो आकडा मोठा दिसतो. नाहीतर परवा कामाला लागलेल्या बाईवर, कारण ती शेवटी आली. वर्षानुवर्षं कुणी न वाचता चालू राहिलेल्या वर्गण्या, न वापरलेला क्लब, न उघडलेलं लॉकर ही मंडळी निवांत असतात. एकेकटी फार गरीब दिसतात बिचारी.

तेव्हा मंडळी, गर्दीत कुणाला उठवायची पाळी तुमच्यावर आली, तर सर्वांत जाड माणसाकडे बोट दाखवण्याआधी आणि धापा टाकत शेवटी चढलेल्याला हटकण्याआधी, एकदा वाकून बाकावरचे रुमाल तेवढे पाहा. बहुतेकांचे मालक दोन थांबे मागेच उतरलेले असतात.